वीस टक्के घट झाल्यास

बरोबरच्या खुणा त्याच्याच हातच्या होत्या. हे कळायला हितेंद्रला क्षणही लागला नाही, आणि मग सगळा दिवस त्या क्षणातून बाहेर येता आलं नाही. सोमवारची सकाळ होती, प्रभादेवीच्या ऑफिसात एसी नेहमीसारखा गरजेपेक्षा दोन अंश थंड होता, चहा आला होता आणि मेघनानं मेलवर एक जुना स्कॅन पाठवला होता. चार पानी फॉर्म. ग्राहकाला किती जोखीम झेपते हे ठरवायला भरून घेतात तो. श्रीमती जर्ट्रूड परेरा, खोताची वाडी, गिरगाव. वय तेव्हा शहात्तर. नऊ प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन, आणि त्यातल्या एकेका चौकोनात शाईच्या पेनानं केलेली खूण, जिचं शेपूट वर जाऊन किंचित मागं वळतं. अशी खूण जगात दोघंच करत. एक तो, आणि दुसरे त्याचे वडील, जे आता नव्हते. पाचवा प्रश्न होता, तीन महिन्यांत तुमच्या गुंतवणुकीत वीस टक्के घट झाल्यास तुम्ही काय कराल? अ, सगळं विकून टाकीन. ब, थोडं विकीन. क, काही करणार नाही. ड, संधी समजून आणखी पैसे घालीन. शहात्तर वर्षांच्या जर्ट्रूड आंटींनी, ज्या दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवतात, 'ड'ला खूण केली होती. शाई चौकोनाबाहेर थोडी फुटली होती. त्याला ते पेनही आठवलं.

मेघना त्याच्याहून बारा वर्षांनी लहान होती आणि त्याची साहेब होती, या दोन्ही गोष्टी ती कधी त्याला जाणवू देत नसे, त्यामुळे त्या सतत जाणवत. ती त्याच्या टेबलाशी येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "हितेन, जस्ट एक सही आहे रे. नवीन फॉर्म, सगळा भरून ठेवलाय. जुन्यासारखाच. प्लस एक ओळ, की जोखीम मला समजावून सांगितली होती आणि ती मला समजली होती. पेन्सिलनं फुल्या मारल्यात, तिथं तिथं सही." तो म्हणाला, "तारीख?" "ती रिकामी ठेव." "रिकामी?" "आपण टाकू ना. लीगलवाले टाकतील." मग ती आवाज न बदलता म्हणाली, "बघ, त्या लालबागच्या टॉवरवाल्या बिल्डरचे सगळेच बॉण्ड अडकलेत. उद्या तक्रारी येणार. ज्यांच्या फाईलमध्ये हा कागद असेल तिथं कंपनी सेफ. नसेल तिथं कुणीतरी विचारणार की फॉर्म कुणी भरला. मी तुझ्यासाठीच म्हणतेय." आणि ती खरंच त्याच्यासाठीच म्हणत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यानं तिला विचारून पाहिलं, की सही नसेल तर आंटींचं काय? "मग त्यांची तक्रार टिकेल, आणि कदाचित आपल्याला भरपाई द्यावी लागेल," मेघना म्हणाली, आणि जणू एखाद्या भाजीची पाककृती सांगून झाली असावी तशी घड्याळाकडे बघून मीटिंगला गेली.

गिरगावला जायला टॅक्सीवाल्याला त्यानं समुद्राकडून घे म्हटलं होतं. पण तिकडे रस्ता खोदलाय म्हणत त्यानं गाडी लालबागच्या पुलावर घातली, आणि पुलाच्या मध्यावर, जिथं नेमकं थांबू नये तिथं, ती थांबली. डाव्या हाताला तो टॉवर. बावन्न मजले व्हायचा होता, तेविसाव्याला थांबला होता. वरची क्रेन गेले आठ महिने एकाच दिशेला हात करून उभी होती, शिवडीकडे, जणू तिकडे कुणी काही विचारलं होतं आणि ती पत्ता सांगता सांगता विसरून गेली होती. जर्ट्रूड आंटींचे दोन कोटी चाळीस लाख तिथं होते. नेमके कुठल्या मजल्यावर ते सांगता आलं नसतं, पण हितेंद्र कधी कधी पुलावरून जाताना उगाच अंदाज करी. नवव्या मजल्याचा स्लॅब असावा, किंवा मग सळया. वसईची केळीची वाडी विकून आलेले पैसे. परेरांच्या सात पिढ्या त्या वाडीत केळी लावत आल्या होत्या आणि एका दुपारी रजिस्ट्रारच्या कचेरीत त्या केळ्यांचा एक आकडा झाला. त्या आकड्यामुळे जर्ट्रूड आंटी कंपनीच्या भाषेत 'धनाढ्य कुटुंब' या वर्गात गेल्या. कुटुंबात त्या एकट्या होत्या. सॅम्युअल अंकल गोदीतले हेडक्लार्क, ते जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुलगा प्रेस्टन कॅनडात, तो नाताळला व्हिडिओवर दिसे. कंपनीनं धनाढ्य कुटुंबाला चामड्याची एक डायरी पाठवली. आंटींनी तिच्यात धोब्याचा हिशेब लिहायला घेतला.

त्याला आंटी मिळाल्या त्या लग्नात, म्हणजे कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या जेवणात शेजारी बसून. त्या म्हणाल्या होत्या, "तू बँकेत हायस? मग मला सांग, हे पैसे मी कुठं ठेवू, म्हणजे पडणार नाय?" त्यानं 'बँकेत नाही, आंटी, मी संपत्तीचं व्यवस्थापन करतो' असं सांगितलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांचा वाईनचा पेला लवंडला. कोणाची संपत्ती रे, असं त्यांनी विचारलं. नंतर त्या त्याला 'मॅनेजर' म्हणू लागल्या, आणि नंतर नुसतं हितेन. मार्च महिना होता, तिमाही संपायला दोन दिवस होते, बिल्डरचे तेरा टक्के व्याजाचे कागद, म्हणजे बॉण्ड, विकायचं टार्गेट अजून अडीच कोटींनी अडलं होतं. हे अडीच कोटी आणि ते दोन कोटी चाळीस लाख यांची सांगड त्यानं घातली नव्हती, ती आपोआप बसली. आंटींनी पेन्सिलच्या फुल्यांवर सह्या केल्या, अंकलच्या शाईच्या पेनानं, आणि पुढं म्हणाल्या, "बाकीचं तू भर, माझा चष्मा सापडत नाय." ते पेन चुकून त्याच्या खिशात आलं, पुढच्या खेपेला त्यानं ते परत केलं. गल्लीतल्या छोट्या चॅपलच्या कट्ट्यावर बसून, मांडीवर फाईल ठेवून, त्यानं फॉर्म भरला. खरी उत्तरं भरली असती तर कॉम्प्युटरनं आंटींना ते कागद विकूच दिले नसते. म्हणून त्यानं एका धाडसी, पन्नाशीच्या आतल्या, तोटा झाला की खूष होणाऱ्या माणसाची उत्तरं भरली. असा माणूस त्यानं प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता. सगळ्यांचेच फॉर्म असेच भरले जात. एवढ्या एका वाक्यावर त्यानं तीन वर्षं काढली होती आणि आज पुलावर, टॅक्सीत, त्या वाक्याचा पाया तपासायची त्याला बुद्धी झाली.

त्या वर्षी त्याला बक्षीस मिळालं होतं, बायकोला, सीमाला घेऊन व्हिएतनामची ट्रिप, आणि काचेचा एक चषक. चषक त्यानं लालबागला आईकडे दिला. शेवंतीबाईंनी तो न्याहाळला, आत काहीच ठेवता येत नाही हे पाहून त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवून त्याच्या बोटभर खाचेत उदबत्ती खोचली. "तुझ्या बापाला असतं मिळालं तर त्यानं आधी उजेडात धरून बघितलं असतं," त्या म्हणाल्या होत्या. हितेंद्रला तेव्हा हसू आलं होतं.

त्याचे वडील आनंदा फोल्डिंग खात्यात होते. संपानंतर ज्या थोड्यांना गिरणीनं परत घेतलं त्यांत त्यांचा नंबर लागला होता. काम एवढंच, की तागा उजेडाच्या चौकटीवरून सरकत जायचा आणि त्यात कुठं तुटलेला धागा, डाग, विरळ वीण दिसली की तिथं तांबड्या खडूनं खूण करायची; चांगला गेला तर कडेला बरोबरची, शेपूट वर जाऊन मागं वळणारी. दोष निघाला की विणणाऱ्याचा पगार कापत. एका रविवारी गावचा लवू घरी आला, सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन. त्याची बायको बाळंत होती. तो चहा प्याला, आणि जाताना दारात म्हणाला, "आनंदा, उद्या माझो तागो येतलो तुझ्याकडे." दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्या ताग्याला बरोबरची खूण केली. बांगडे घरात सगळ्यांनी खाल्ले, हितेंद्रनंही, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यानंतर काहीही झालं नाही. कुणी पकडलं नाही, लवूचा पगार कापला गेला नाही, मूल धडधाकट झालं. फक्त तेव्हापासून वडील रस्त्यात माणसांच्या पाठींकडे बघू लागले. चिवडा गल्लीत, गणपतीच्या रांगेत, कुणीही पुढं चालत असला की जवळ जाऊन त्याच्या शर्टाकडे बघत राहत, एकदा तर एकाच्या पाठीला बोट लावलं. तो माणूस वळून म्हणाला, "काय पायजे?" वडील म्हणाले, "काही नाही. कापड बघत होतो." हितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कित्येक वर्षांनी, गिरणी कायमची बंद झाल्यावर, त्यानं विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, "चाळीस वार होतं रे ते. कुणाच्या तरी अंगावर गेलंच असणार. पहिल्या धुण्याला फाटलं असणार." हितेंद्र तेव्हा एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. मनात म्हणाला, चाळीस वार म्हणजे बारा शर्ट. एवढ्या छोट्या आकड्याचं माणूस आयुष्यभर काय घेऊन बसतो.

टॅक्सी सुटली. भायखळा, मग पुढं. गाडीतून त्याला फुटपाथवरची माणसं दिसत होती आणि आपण माणसांकडे बघत नसून त्यांच्या गुडघ्यांकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

कारण गुडघे. आंटींनी दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं होतं, वीस तारखेला, आठ लाख. "एक केला तर दुसऱ्याला राग येईल," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. दोन तिमाह्यांचं व्याज त्यांना आलेलं नव्हतं. हितेंद्रनं पहिल्यांदा सांगितलं, बँकेची सिस्टिम बदलतेय. दुसऱ्यांदा सांगितलं, आधार लिंक व्हायचंय. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "बरं, तुला त्रास नको." 

घराचं दार उघडंच होतं. निळ्या रंगाचं घर, नुकताच पावसाळ्याआधी रंग दिलेलं, व्हरांड्यात फर्नच्या कुंड्या, आणि आंटी आरामखुर्चीत नव्हत्या, टेबलाशी होत्या, हौजीची तिकिटं कापत. पॅरिशच्या फेटसाठी, म्हणजे चर्चच्या जत्रेसाठी. "ये मॅनेजर," त्या म्हणाल्या. "बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पण गुडघा गेलाय. काय आणलंस?"

"सही हवी होती, आंटी."

"परत? मी मेल्यावर तू थडग्यावर पण घेशील रे." त्यांनी हात पुढं केला. त्यानं फाईल उघडली की त्यांनी उघडली ते त्याला नीट कळलं नाही. अंकलचं पेन टेबलावरच होतं. पहिली फुली, दुसरी, तिसरी, चौथी. हौजीचे आकडे खोडावेत इतक्या सहज. मिनिटभरही झालं नव्हतं. "झालं. आता कॉफी पी. शेजारच्या फ्लॅवियानं गव्हाच्या पिठाचा केक पाठवलाय, दगड झालाय पण बुडवून खाल्ला तर जातो."

काम झालं होतं. उठून जायचं होतं. मीटिंग आहे, ट्रॅफिक आहे, ही वाक्यं त्याच्या तोंडात तयार होती, ती तो दिवसातून चार वेळा वापरी. पण केक खरंच दगडासारखा होता, तो बुडवून मऊ व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्यात आंटी म्हणाल्या, "मग वीस तारखेला चेक फाडू ना? डॉक्टर विचारत होता, आंटी, ॲडव्हान्स कधी. मी म्हटलं, माझा मॅनेजर हाय." त्यानं मान हलवली. ती होकारार्थी हलली की नकारार्थी हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही. मग त्यानं बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला. बॅगेत असे नेहमी पाचसहा असत.

"हा काय आणखी?"

"काही नाही. प्रश्न आहेत. मी वाचतो, तुम्ही उत्तरं द्यायची."

"परीक्षा?"

"तसंच."

त्यांनी कात्री खाली ठेवली, सरळ बसल्या आणि चष्मा लावला, जरी वाचणार तो होता. वय, एकोणऐंशी. पैसे किती वर्षं लागणार नाहीत? "ते वरच्याला विचार." यापूर्वी कुठं गुंतवणूक केली होती? "पोस्टात. आणि केळीत." जास्त नफ्यासाठी मुद्दलात घट चालेल का? "नाय चालणार. कशी चालेल? कुणाला चालते?" त्यानं खूण केली. खूण तशीच झाली, शेपूट मागं वळलेली. हात दुसरी खूण शिकलाच नव्हता. पाचवा प्रश्न. तो इंग्रजीत होता, त्यानं त्याचं मराठी केलं. "तीन महिन्यांत तुमच्या गुंतवणुकीत वीस टक्के घट झाली, तर तुम्ही काय कराल?"

"वीस टक्के म्हणजे?"

"शंभरातले वीस."

"ते म्हायत हाय रे मला, हौजी मी चालवते. माझे किती?"

"अठ्ठेचाळीस लाख."

व्हरांड्याबाहेरून कुणीतरी 'गुड मॉर्निंग, आंटी' म्हणून गेलं.  आंटींनी तिकिटांची एक चळत उचलून टेबलावर ठोकून सरळ केली.

"मी तुला फोन करीन," त्या म्हणाल्या.

"तसा पर्याय नाहीये, आंटी. विकीन, थोडं विकीन, काही करणार नाही, आणखी घालीन."

"मला काय कळतं त्यातलं? मी तुला फोन करीन. लिही तसं."

चौकोन नव्हता. त्यानं चार चौकोनांच्या खाली, समासात, लिहिलं: 'हितेनला फोन करीन.' मग उरलेले चार प्रश्न. गुणांची बेरीज झाली नऊ. नऊ म्हणजे त्या तक्त्यातला सर्वांत खालचा वर्ग. अशा माणसाला पोस्टाच्या पुढं जाऊ देऊ नये असं कंपनीच्याच पुस्तकात होतं. खाली त्यांनी सही केली. त्यानं आजची तारीख टाकली आणि सल्लागार म्हणून आपली सही केली, पूर्ण नावाची.

"पास का मी?"

"पास."

"किती मार्क?"

"नऊ."

"शंभरात?" त्या हसल्या, पण हसणं मध्येच थांबलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या. "आधीचा हा पेपर कुणी लिहिला होता रे? मागच्या वेळी मला कुणी विचारलं नाय."

"मी लिहिला होता."

"माझा पेपर?"

"हो. बाहेर, चॅपलच्या कट्ट्यावर बसून." आता थांबता येत नव्हतं. "आंटी, वीस तारखेला पैसे येणार नाहीत. सिस्टिमचं, आधारचं, ते सगळं खोटं होतं. पैसे अडकलेत. बिल्डरकडे."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा लावला नाही. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो ओरडा कुठं ठेवायचा याची जागाही त्यानं मनात करून ठेवली होती. "सॅम्युअल असता तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, "केक संपव. आणि जा आता. मला तिकिटं कापायची हायत."

बाहेर ऊन होतं. पायांनी त्याला नेमकं तिथंच नेऊन बसवलं. चॅपलचा कट्टा तोच, फरशीचा गारवाही तोच. फोन वाजला, मेघना. "झाली सही?"

"झाली."

"ग्रेट. फोटो पाठव लगेच, लीगल थांबलंय."

बॅगेत दोन फॉर्म होते, दोन्हींवर त्याच नावाची तीच सही. त्यानं दुसऱ्याचे फोटो काढले, चारही पानांचे, आणि पाठवले. मिनिटभरात तिचा मेसेज आला. 'हे काय? हा आपला नाही. डेट का टाकलीस? समासात काय लिहिलंय??' त्यानं लिहिलं, 'क्लायंटचं उत्तर आहे.' मग ती टाईप करत असल्याची टिंबं दिसत राहिली, गेली, पुन्हा दिसली. आपण काहीतरी धैर्याचं केलं असं त्याला दोन मिनिटं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की पहिला फॉर्म त्यानं फाडलेला नाही. तो बॅगेच्या आतल्या, चेनच्या कप्प्यात होता, व्यवस्थित, घडी न घालता, न चुरगळता. तिथं तो कधी ठेवला हे त्याला आठवेना. सगळं एकाच ठिकाणी कधी ठेवू नये, हे तो वीस वर्षं लोकांना शिकवत आला होता. हाताला ते आता त्याच्या परवानगीशिवाय येत होतं.

फोन पुन्हा वाजू लागला. मेघनाच असणार म्हणून त्यानं बघितलं नाही. तो वाजत राहिला. मग बघितलं. जर्ट्रूड आंटी. वीस पावलांवरच्या घरातून.

त्या ठरल्याप्रमाणे करत होत्या.

"बोला, आंटी."

पलीकडे कात्रीचा आवाज नव्हता. "हितेन," त्या म्हणाल्या, "तू म्हटलास तसं वीसच टक्के ना रे? वीस असेल तर मी एक गुडघा करीन. डावा. तो जास्त दुखतो."

समोरून एक माणूस कसलीतरी पिशवी घेऊन गल्लीत शिरला, त्याच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती, आणि हितेंद्र त्या पाठीकडे, ती वळणाआड जाईपर्यंत, बघत राहिला.

"नाही, आंटी. जास्त."

"किती?"

त्याच्याकडे आकडा होता, तीन परिस्थितींतले तीन आकडे होते, चांगली, मध्यम आणि वाईट, आणि तिन्ही आकडे त्या प्रश्नाला पुरत नव्हते.

"फोनवर नको सांगू," त्या म्हणाल्या. "आत ये. समोर बसून सांग."

त्यानं चेन उघडून पहिला फॉर्म बाहेर काढला. तो फाडायचा तर त्यांच्या हातानं, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं, की त्यांनी फाडला नाही तर. त्या म्हणाल्या, असू दे, तुला त्रास नको, तर. कागद हातात उघडा धरून, सगळ्या गल्लीला दिसेल असा, तो उठला आणि वीस पावलं चालू लागला. त्याचे गुडघे उत्तम होते. आजवर त्याला त्यांची कधी लाज वाटली नव्हती.